परतवाड्याच्या सडकेवरचा पट

ता. १८ नोव्हेंबर, रविवार. अमरावती

आज परतवाड्याच्या अड्ड्यावर एकाचं नाक फोडलं. माझाही ओठ फाटला आहे, चहा झोंबतो.

झालं असं. अकोल्याच्या देशमुखाची नवी तांबडी मोटार आजपासून आमच्या सडकेवर आली. इतके दिवस अमरावती-परतवाडा नानाजींची निळी लारी एकटी होती. मी डायवर, रहेमानचाचा क्लीनर, दोघं आपले सुखी. आज तांबडीच्या हाकाऱ्यानं आमच्या लारीत चढलेल्या एका बाईचं गाठोडं ओढलं आणि पळाला. रहेमानचाचानं दुसऱ्या बाजूनं बाईचा हात धरला. मधे ती बाई, कडेवर पोर, लुगडं सुटायला आलेलं, आणि दोघंही तिला ‘बसा मावशी, बसा’ म्हणून राहिले होते! मी मोटार सुरू करायचं ह्यांडल काढलं आणि हाकाऱ्याच्या तोंडावर दिलं. मग चारजण माझ्यावर. बाई शेवटी कुणाच्या तरी बैलगाडीत बसून गेली. तीच एक शहाणी.

खरं लिहायचं ते पुढेच आहे. तांबडीच्या चाकामागे कोण बसलेलं? आमचे जवाईबापू. किसना. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला गुलाल.

देशमुखाचे पटाचे बैल हाच हाकतो. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, त्याच्या जोडीला तोड नाही, अकोल्यापासून इकडे मोर्शीपर्यंत पोरं त्याचं नाव घेतात. देशमुखानं हिशेब केला असणार, की जोडी हाकणारा धुरकरी नावाजलेला असला तर लोक त्याच्याच मोटारीत बसतील. म्हणून ज्यानं जन्मात कासऱ्याशिवाय काही धरलं नाही त्याला दोन-तीन महिने मोटार शिकवून सडकेवर सोडला. धन्य.

तुळसानं मला कळवलं नाही. भीती वाटली असेल बापाची.


ता. १९, सोमवार

किसना घरी आला. पाया पडला. माझा ओठ पाहून खाली बघत होता.

“मामाजी, रागावले काय?”

“जवाईबापू, मोटार थांबवता येते काय तुमाले? चालवाचं नाई इचारून राहिलो.”

हसला. “पुढं गेल्यावर थांबाचंच हाय ना.”

हेच. पटात झेंडीच्या पुढे मोकळं वावर असतं. बैल पळून पळून दमतात आणि आपोआप उभे राहतात. धुरकऱ्याला थांबवणं कुणी शिकवतच नाही. बसऱ्याच्या लढाईत मी लारी चालवली, तिथे गोरा साहेब पहिले पंधरा दिवस फक्त ब्रेक मारायला लावायचा. रोज संध्याकाळी लिहायची खोडही त्याचीच. एवढं सगळं किसनाला सांगितलं. तो ‘हो जी, हो जी’ म्हणत भजी खात होता. तुळसाला सातवा लागला आहे म्हणाला. बाळंतपणाला इकडे पाठवा म्हटलं. तिची आई नाही, पण शेजारच्या बाया आहेत.

पोरगा वाईट नाही. हेच तर अवघड आहे.


ता. २२, गुरुवार

आज वलगावपासून आसेगावपर्यंत तो माझ्या मागे भोंगा वाजवत. मी चाल वाढवली नाही. तर माझेच पॅसिंजर खवळले! बाकावर उभे राहिले, शेले फिरवले. एक म्हातारा मागून काठीनं माझ्या पाठीत ढोसत होता, “हाण! हाण ना बे! बैल हाय का रेडा हाय?” दुसऱ्यानं संत्र्याची सालं फेकली. किसना बाजूनं गेला तेव्हा त्याच्या मोटारीतून आरोळी उठली, तिकडे टोप्या उडाल्या.

लारी उभी केली. म्हाताऱ्याला काठीसकट खाली उतरवला. वयाचा मान म्हणून मारलं नाही, पण काठी मोडली आणि बाभळीत फेकली. त्याच्या बाजूनं सहाजण उतरले, मला आईबहिणीवरून शिव्या देत चालू लागले. एक चांगला इस्त्रीचा कोट घातलेला होता, तो म्हणाला, “इतका हळू हाकाचा त भाडं कायले घेता?”

आमच्या वऱ्हाडी माणसाला दोन चाकं दिसली की पट दिसतो. चार दिसली तर दोन पट.


ता. २३, शुक्रवार

नानाजींकडे गेलो. मालक आहेत, पण माणूस ऐकून घेतो. म्हटलं, देशमुखाशी बोलून पाळी लावा. एक मोटार सुटली की दुसरी तासाभरानं. मग शर्यत कुणाशी लावणार? माणसं मरतील हो, नानाजी.

“तो नाई आयकनार. अन् गणपतराव, हळू मोटारीत बसते कोन? बाया, बिमार, अन् ज्याईले कोनी आत बसू देत नाई थे.”

“मंग त्याईलेच बसवू.”

नानाजी म्हणाले, करून पाहा, पण अड्ड्यावर मारामारी नको. मी हो म्हटलं. हे हो किती टिकेल ते त्यांनाही ठाऊक आणि मलाही.


ता. २६, सोमवार

डावा डोळा बंद. एका डोळ्यानं लिहितो आहे.

आसेगावच्या पुढे कापसाची गाडी उलटलेली. तांबडी खेटून गेली, बैल बुजले, गाडी नाल्यात. एका बैलाचा पाय गुडघ्यात मोडून लोंबत होता आणि तो उठायला बघत होता. गाडीवान त्याच्या मानेला मिठी मारून बसलेला. मी लारी थांबवून मदतीला उतरलो. माझी चूक एवढीच की मीही मोटारवाला. वावरातून माणसं धावली, हातात बैलगाडीच्या उभाऱ्या. तांबडी आणि निळी कोण बघतो! रहेमानचाचा आडवा पडला म्हणून वाचलो. “अरे भाई, ये वो नहीं, ये वो नहीं!” ओरडत होता. त्याच्या पाठीवरही दोन बसल्या.

पुढच्या काचेचा भुगा झाला. बैलाला शेवटी त्या गाडीवानानंच कुऱ्हाडीनं मोकळं केलं. तो आवाज कानात आहे. मला माराचं इतकं वाईट वाटलं नाही जितकं त्या आवाजाचं वाटलं.

संध्याकाळी अड्ड्यावर किसनाला धरला, सगळ्यांदेखत थोबाडीत दिली. जावयाला. हात उगारून मलाच लाज वाटली, पण दिली. तो म्हणाला, “मले दिसलाच नाई बैल, मामाजी.” खरंच दिसला नसेल. धुरकरी मागे बघत नाही, बाजूला बघत नाही.


ता. २९, गुरुवार

बाजाराचा दिवस. सुदामला आज आत बसवला.

सुदाम इथल्या जिनिंगात कामाला आहे, दर बाजाराला बायको भागा आणि लेकरू घेऊन परतवाड्याला घरी जातो. महार म्हणून त्याला जागा टपावर, सामानात. सगळ्याच मोटारींचा रिवाज तो. भाडं पुरतं घ्यायचं, तिकीट फाडायचं नाही, कारण टपावरचा पॅसिंजर धरतच नाहीत. आमच्या लारीवरही हेच चालत होतं. आज म्हटलं, खाली ये, आत बस.

तो खूश होईल असं मला उगीच वाटलं होतं. म्हणाला, “तुमी आज बसवसान डायवरसाहेब, उद्या मार मी खाईन.” भागा मात्र लेकरू घेऊन सरळ आत जाऊन बसली. “बसा ना हो. वर मले गरगरते, इतके दिवस बोल्ली नाई.” मग तोही बसला, पण पाय बाहेर ठेवून, कधीही उतरता येईल असा.

वलगावला एक वकील चढले. पाहिलं, नाकाला धोतर लावलं, “ह्यांना वर पाठव.” मी म्हटलं, टप रिकामा आहे, हवा चांगली लागते, आपणच जाता का? त्यांनी मला हलकट म्हटलं. मी त्यांची वळकटी उचलून सडकेवर टाकली आणि त्यांच्या कॉलरला हात घातला तसे ते स्वतःच उतरले. आणखी तिघं उतरले. राहिलेल्यांपैकी एक माळीण, मांडीवर वांग्याची टोपली, सरकून म्हणाली, “चाला आता, भाजी सुकते माही.”

रहेमानचाचा दिवसभर हसत होता. “गणपतभाऊ, तुमची सुधारना लय मारकी हाय.” त्याचा टांगा होता पूर्वी. मोटारी आल्या, घोडा विकला आणि मोटारीचाच क्लीनर झाला. म्हणतो, टांग्याला एक बरं होतं, घोडा धुरकऱ्यापेक्षा शहाणा असायचा.


ता. २ डिसेंबर, रविवार. अकोला

तुळसाला पाहायला आलो. गाडीतून उतरलो तर स्टेशनबाहेरच दंगल. देशमुखाची माणसं टांगेवाल्यांना पाठीमागे ढकलत होती, मोटारीला जागा हवी म्हणून. एका टांग्याचं चाक काढून मोर्णा नदीकडे घरंगळत नेलं. टांगेवाल्यानं चाबूक चालवला, एकाच्या गालाची साल निघाली. मी मधे पडलो नाही. डोळा अजून दुखतो, आणि पोरीकडे रक्त लावून जायचं नव्हतं.

तुळसा सुजली आहे, पायावर. पण तोंड उजळ. माझा डोळा पाहिला आणि रडायला लागली. मग जेवताना म्हणाली,

“बाबा, त्याईले पुढं जाऊ द्या.”

“कोनाले?”

“कोनाले काय. तुमी आड आले का त्याईच्या अंगात येते. दुसऱ्या कोनाचं कायी वाटत नाई, तुमचंच वाटते. मांगून भोंगा आला का बाजू द्या. पाया पडते तुमच्या. मले लेकराचं तोंड दोघायनं मिळून पाह्यलेलं पाह्यजे.”

मी म्हटलं, बाजू दिली तर तो आणखी जोरात जाईल. ती म्हणाली, समोर कोणी नसलं तर कशाला जाईल? पोरीचं म्हणणं मला पटलं नाही. पण तिच्या सुजलेल्या पायांकडे बघून शब्द दिला. भाकरी गोड लागली नाही.


ता. ६, गुरुवार. अमरावती

शब्द पाळतो आहे. भोंगा आला की बाजू. बाजू दिली की तांबडीतले लोक खिडकीतून माझ्याकडे बघून बांगड्या भरल्याची खूण करतात. किसना करत नाही, तो समोर बघतो. माझ्या हातांना घाम येतो, दात आवळले जातात. पन्नाशी जवळ आली, तरी.

लारी मात्र भरते आहे! परवा दोन गरोदर बाया मोठ्या दवाखान्यात आल्या, एक लकवा झालेला म्हातारा, माळणी तर रोजच्या. सुदामचे दोघं मित्रही आत बसले. एकदाच भांडण झालं, तेही शिव्यांवर भागलं. नानाजी म्हणाले, हळू मोटारीतही माणसं बसतात म्हणायची. मी म्हटलं, माणसंच बसतात, बाकीचे तिकडे जातात.

ऐकलं ते बरं नाही. परतवाड्याच्या नाक्यावर पोरांनी बाजाराच्या दिवशी खरीच झेंडी रोवायचं ठरवलं आहे. कोण आधी येतो ते बघायला.


ता. १३, गुरुवार. परतवाडा

लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

बाजार होता. अमरावतीलाच लारी गच्च भरली. भागा लेकरू घेऊन बसली, सुदामला जागा उरली नाही. मी म्हटलं, दाटीवाटीनं बस. तो म्हणाला, “राहू द्या, बाया हायेत. मी त्या मोटारीनं येतो.” आणि तांबडीच्या टपावर चढला. भागा खिडकीतून म्हणाली, “धरून बसा.” त्यानं वरूनच हात हलवला.

नाक्याच्या अलीकडे भोंगा आला. दोन्हीकडे माणसांची रांग, पटाला उभी राहतात तशी, आणि पुढे ती झेंडी. तुळसाला शब्द दिला होता. बाजू दिली. तांबडी खेटून पुढे गेली.

झेंडी ओलांडली आणि किसना जागेवरून उठला. दोन्ही हात वर. पटात झेंडी आली की धुरकरी कासरे सोडतो, हात वर करतो, लोक टोप्या उडवतात. त्यानं चाक सोडलं. मी मागेच होतो, समोरच्या नव्या काचेतून त्याचे दोन्ही पंजे स्वच्छ पाहिले.

मोटार डावीकडे टांगा अड्ड्यात शिरली. एक घोडा चाकाखाली गेला. मग कडुलिंब. टपावरचं सामान आणि सुदाम उडाले. घोड्यांना पाणी पाजायच्या हौदाच्या काठावर सुदामचं डोकं आपटलं. मी धावलो तेव्हा डोळे उघडे होते, पण पाहत नव्हते. आत बसलेल्यांपैकी कुणाला खोक पडली, कुणाचा दात गेला. धरायला बाक होते त्यांना.

भागा माझ्यामागेच उतरली होती. तिनं किंकाळी फोडली नाही. त्याच्या डोक्याखाली पदर घातला आणि तो पदर बघता बघता काळा पडला.

मग लोक किसनावर तुटले. ज्यांनी झेंडी रोवली तेच. झेंडीचा बांबू उपटून त्याच्याच बरगड्यांत घातला. मी ह्यांडल घेऊन घुसलो. किती जणांना लागलं माहीत नाही, एकाचं मनगट मोडल्याचं हाताला कळलं. किसनाला ओढत लारीत टाकलं आणि तिथे, कुणी नसताना, मीही त्याला दोन लाथा घातल्या. मग त्याच्या शेजारी बसून रडलो. काय काय झालं आज.


ता. १४, शुक्रवार

पहाटे सुदाम गेला. दवाखान्यात शुद्धीवर आलाच नाही. दुपारी माती दिली. मी आणि रहेमानचाचा गेलो. दूर उभे राहिलो, कुणी जवळ बोलावलं नाही आणि बोलावणार तरी का?

फौजदारानं पंचनामा केला. तांबडीत आत बसलेला प्रत्येक इसम एकच सांगतो, ब्रेक तुटला. शेले फिरवणारे हेच. हात वर केलेले कुणालाच दिसले नाहीत.


ता. १६, रविवार. अमरावती

किसनाच्या बरगड्या मोडल्या आहेत, ओठ शिवले आहेत. जामिनावर माझ्याकडे आहे. आज सरळ विचारलं.

“हात काहून सोडले?”

“कोनं सोडले?” माझ्याकडे बघत राहिला. “ब्रेक लागला नाई, मामाजी. मी दाबून राह्यलो होतो. देवाशपथ.”

खोटं बोलणारा माणूस असा बघत नाही. त्याला आठवतच नाही. म्हणजे त्याच्या लेखी झालंच नाही. याचं मी काय करू?


ता. १७, सोमवार

देशमुख स्वतः आला. बाकावर बसला नाही, उभ्यानंच बोलला.

“टपावर कोन होता थो माहा पॅसिंजरच नवता. तिकीट दाखवा. अन् गणपतराव, मांगून येनाऱ्या डायवरले धुळीत काय दिसते? कायीच नाई. जवाई आत गेला त पोरगी तुमच्याच दारात येऊन बसन, लेकरू घेऊन. इचार करा.”

मी त्याला दारातून ढकलला. तो पायरीवरून पडला, त्याच्या माणसांनी रहेमानचाचाला अंगणात धरून डोकं फोडलं, लारीची चारही टायरं चाकूनं फाडली. पोलिसात गेलो नाही.

कचेरीतला कारकून ओळखीचा आहे. त्यानं समजावून सांगितलं. ब्रेक तुटला असं ठरलं तर दैवाचा घाला, कागद बंद, तांबडी पुन्हा सडकेवर. डायवरनं शर्यतीत चाक सोडलं असं ठरलं तर कचेरीतले साहेब पाळ्या लावणार, शर्यत बंद, टपावर माणूस बसवला तर मोटारवाल्याचा परवाना जप्त. साहेबाच्या मनात आहे म्हणे. फक्त साक्ष हवी. पाहिलेलं सांगणारा मी एकटा. भागानंही पाहिलं असेल, पण तिला विचारतो कोण.

म्हणजे मी नानाजींकडे जे मागत होतो ते सगळं मिळेल. जवाई दिला की.


ता. १९, बुधवार

तुळसा अकोल्याहून आली. या दिवसांत, गाडीनं एकटी. मी रागावलो. ती म्हणाली, रागवा मग.

रात्री जेवण झाल्यावर सांगितलं तिला, काय पाहिलं ते. तिनं ऐकलं. म्हणाली, “मीच तुमाले बाजू द्याले लावली.” मी म्हटलं, तसं नाही पोरी. ती म्हणाली, “मंग कसं हाय?”

नंतर भांडी घासताना तिथूनच बोलली, “भागा म्हनते त्या बाईले किती लेकरं हायेत, बाबा?” एकच आहे म्हटलं. काय सांगा किंवा सांगू नका, एक शब्द नाही. त्यापेक्षा तिनं पाय धरले असते तर बरं झालं असतं.


ता. २०, गुरुवार. परतवाडा

नानाजींनी टायरं आणली. लारी पुन्हा काढली. उद्या अमरावतीला कचेरीत साक्ष. किसनाला आणि तुळसाला आजच बरोबर घेऊन आलो. किसनाला सुदामच्या घरी जायचं होतं. त्याचं त्यानंच काढलं. दारात उभा राहिला, टोपी काढून. भागानं पाहिलं आणि दार लावलं. आतून सुदामची म्हातारी आई दगड मारत होती दाराला, बाहेर मारायचे ते आतून. आम्ही परत आलो.


ता. २१, शुक्रवार. अमरावती

कचेरीच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. अजून पुकारा झाला नाही.

सकाळी परतवाड्याहून निघालो. लारीत माळणी, दोन म्हातारे, मागच्या बाकावर भागा लेकरू घेऊन. तिलाही कचेरीत यायचं होतं, कुणी बोलावलं नसताना. मी ये म्हटलं. तुळसा तिच्या पुढच्या बाकावर. किसना माझ्या शेजारी, शाल पांघरून.

आसेगाव मागे पडलं आणि भोंगा आला. देशमुखाची दुसरी मोटार, बाळापूरच्या सडकेवरची, इकडे आणलेली. चाकामागे नवा धुरकरी, त्याच्याही गळ्यात माळ. भागाचा पदर अजून वाळला नाही आणि हे भोंगा वाजवतात! माझं डोकं फिरलं. मी बाजू दिली नाही. तो डावीकडून आला, मी डावीकडे घेतलं. उजवीकडून आला, उजवीकडे. मागे एक म्हातारा पुटपुटला, “हाण.” मग माळणी. मग सगळेच, “हाण! हाण!” पाय माझाच होता, तो दाबत गेला. तुळसा ‘बाबा, बाबा’ म्हणत होती ते ऐकू येत होतं, पण लांबून. वलगावचा नाका आम्ही आधी ओलांडला. लारीत आरोळी उठली.

आणि शेजारी शालीतून किसनाचे दोन्ही हात वर गेले होते. पंजे उघडे, छताला टेकलेले. मोडक्या बरगड्या असताना. त्यानं वर पाहिलं, स्वतःच्या हातांकडे, दुसऱ्या कुणाचे असावेत तसं. मी ब्रेक मारला. लारी आडवी होता होता थांबली, टोपलीतली वांगी माझ्या पायापर्यंत घरंगळली.

मागे वळलो. भागा किसनाकडे बघत होती. लेकराच्या डोळ्यांवर तिनं हात ठेवला होता.

तिथून इथवर बैलगाडीच्या चालीनं आलो. ती दुसरी मोटार कधीच पुढे निघून गेली.

आता किसना ओट्याच्या टोकाला बसला आहे, हात शालीत. तुळसा भागापासून थोडी दूर, पण त्याच पायरीवर. मघाशी किसनानं विचारलं,

“मामाजी, तुमी काय सांगसान?”

“तुमी काय पाह्यलं, जवाईबापू?”

त्यानं हात बाहेर काढले नाहीत. शिपाई दारात आला आहे, माझं नाव घेतो आहे.